प्रॉडक्ट डिझायनरांचे स्टार्टअपमधून मोठ्या कंपन्यांत स्थलांतर

स्टार्टअपमध्ये कारकिर्दीस आरंभ करून पुढील दोन-चार वर्षांत एखाद्या मोठ्या, प्रस्थापित कंपनीत रुजू होणे हा डिजिटल प्रॉडक्ट डिझायनरांच्या व्यावसायिक वाटचालीतील एक नेहमीचा टप्पा आहे. मोबाइल ॲप, संकेतस्थळ किंवा संगणकप्रणाली वापरणाऱ्याला ती कशी दिसावी, कशी उमगावी आणि तिच्या साहाय्याने त्याचे काम कसे पार पडावे हे ठरविणाऱ्या व्यावसायिकास प्रॉडक्ट डिझायनर असे म्हणतात. वरकरणी हा केवळ नोकरीतील बदल असला, तरी प्रत्यक्षात त्यामुळे कामाचे मोजमापच बदलते. स्टार्टअपमध्ये डिझायनरने काय घडविले हे प्रामुख्याने पाहिले जाते. मोठ्या कंपनीत ते तसेच का घडविले, कोणते पर्याय सोडून दिले आणि इतरांना त्यासाठी कसे राजी केले याचीही विचारणा होते. स्टार्टअपच्या धावपळीत अशा निर्णयांची नोंद क्वचितच ठेवली जाते आणि कंपनी बंद पडल्यास तिचे उत्पादनही नाहीसे होते. त्यामुळे चांगले काम करूनही ते सिद्ध करता न येणे ही या स्थलांतरातील प्रमुख अडचण ठरते.

संज्ञा

'डिझाइन' या शब्दासाठी मराठीत आराखडा, रचना, संकल्पन आणि अभिकल्प असे पर्याय वापरले जातात. त्यांपैकी 'आराखडा' या शब्दातून प्रत्यक्ष कामापूर्वीची रेखाटणी सूचित होते, तर 'संकल्पन' आणि 'अभिकल्प' हे शब्द विचारप्रक्रियेकडे निर्देश करतात. व्यवहारात मात्र 'डिझाइन' आणि 'डिझायनर' हेच शब्द रूढ आहेत. येथे 'प्रॉडक्ट' म्हणजे खुर्ची, पंखा किंवा मिक्सर यांसारखी वस्तू नसून सॉफ्टवेअरच्या रूपातील उत्पादन होय. वस्तूंच्या अभिकल्पाचे शास्त्र औद्योगिक डिझाइन या नावाने ओळखले जाते.

'स्टार्टअप'ला वृत्तपत्रीय मराठीत नवउद्यम असेही म्हणतात. भारत सरकारच्या २०१९ सालच्या अधिसूचनेनुसार स्थापनेपासून १० वर्षांपर्यंतच्या आणि कोणत्याही आर्थिक वर्षात १०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल न झालेल्या, नवकल्पनेवर आधारित उद्योगास स्टार्टअप म्हणून मान्यता देण्याची तरतूद करण्यात आली. नोकरीच्या व्यवहारात मात्र ही व्याख्या काटेकोरपणे पाळली जात नाही. ज्या कंपनीत डिझायनरांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असते आणि उत्पादनाला अद्याप स्थिर ग्राहकवर्ग लाभलेला नसतो, तिला सर्वसाधारणपणे स्टार्टअप म्हटले जाते.

पार्श्वभूमी

संगणकाच्या पडद्याचा अभिकल्प हे स्वतंत्र काम म्हणून प्रथम मोठ्या कंपन्यांतच आकारास आले. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या 'स्टार' या संगणकात टेबलावरील कागद, फाइली आणि खण यांच्या रूपकावर आधारलेला पडदा होता. डोनाल्ड नॉर्मन हे १९९३ साली ॲपल कंपनीत दाखल झाले, तेव्हा त्यांच्या पदनामात 'युझर एक्सपीरियन्स' हा शब्दप्रयोग होता. तो पुढे जगभर रूढ झाला. २००७ साली आयफोन आणि २००८ साली ॲप स्टोअर आल्यानंतर लहान कंपन्यांनाही थेट ग्राहकाच्या हातातील पडद्यापर्यंत पोहोचता येऊ लागले आणि डिझायनरांची मागणी वाढली. २००८ साली स्थापन झालेल्या एअरबीएनबी या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे दोघे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या संस्थेचे पदवीधर होते. डिझायनर हा स्टार्टअपचा संस्थापकही असू शकतो, हे या उदाहरणाने ठळकपणे पुढे आले.

भारतात डिझाइनचे औपचारिक शिक्षण त्याआधीपासून उपलब्ध होते. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पवईच्या आयआयटीत, १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. पदवीपूर्व डिझाइन अभ्यासक्रमांसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा २०१५ पासून घेतली जाऊ लागली. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' या उपक्रमाचा आरंभ केला. याच सुमारास फिग्मा हे ब्राउझरमध्ये चालणारे डिझाइनचे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि महागड्या साधनसामग्रीवाचूनही हे काम करणे शक्य झाले. परिणामी औपचारिक शिक्षण घेतलेल्यांबरोबरच अभियांत्रिकी, वाणिज्य वा कला शाखेतून आलेले तरुणही स्टार्टअपच्या दारातून या व्यवसायात शिरले. मोठ्या कंपन्यांत जाण्याचा प्रश्न मुख्यतः याच पिढीपुढे उभा राहिला.

कामाच्या स्वरूपातील फरक

दोन्ही ठिकाणी पदनाम एकच असले तरी कामाचा आवाका आणि खोली भिन्न असते. स्टार्टअपमध्ये एकटा डिझायनर ग्राहकांशी बोलतो, पडदे रेखाटतो, बटणांवरील मजकूर लिहितो, बोधचिन्ह बनवितो आणि प्रसंगी जाहिरातीचे फलकही करून देतो. निर्णय संस्थापकाशी समोरासमोर बोलून होतात आणि सकाळी सुचलेला बदल संध्याकाळी ग्राहकांपर्यंत पोहोचू शकतो. मोठ्या कंपनीत संशोधन, मजकूरलेखन, दृश्यरचना आणि सामायिक घटकांची जपणूक यांसाठी स्वतंत्र माणसे असतात. डिझायनरच्या वाट्याला उत्पादनाचा एखादाच भाग येतो. परंतु त्या भागाचे कानेकोपरे त्याला ठाऊक असावे लागतात.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. यूपीआयद्वारे पैसे भरताना कधीकधी रक्कम ग्राहकाच्या खात्यातून वजा होते, परंतु ती दुकानदारास मिळाल्याची खात्री लगेच होत नाही. नवे ॲप घडविणारा स्टार्टअपचा डिझायनर बहुधा दोन पडदे करतो : व्यवहार यशस्वी झाल्याचा आणि फसल्याचा. मधल्या अनिश्चित अवस्थेसाठी एक फिरते चक्र दाखवून वेळ निभावून नेली जाते, कारण तातडीची इतर कामे खोळंबलेली असतात. मोठ्या कंपनीत तीच मधली अवस्था हा एका डिझायनरचा महिनाभराचा विषय होऊ शकतो. ग्राहकाने पुन्हा पैसे भरावेत की थांबावे हे नेमक्या शब्दांत कसे सांगावे, परतावा केव्हा मिळेल याबद्दल किती खात्रीने बोलावे, तक्रार कक्षावर किती ताण येईल, दृष्टिहीन व्यक्तीला पडदावाचकातून हा बदल कसा कळावा, मराठी आणि तमिळ मजकूर त्याच जागेत बसेल का, या प्रत्येक प्रश्नावर अभियंते, विधी विभाग आणि ग्राहकसेवा यांच्याशी विचारविनिमय होतो. स्टार्टअपमधील काम उथळ असते असा याचा अर्थ नव्हे; तेथे वेळ आणि माणसे तुटपुंजी असल्याने प्रश्नांचा क्रम वेगळा लावावा लागतो.

सामायिक घटकांचा संग्रह, म्हणजे 'डिझाइन सिस्टीम', हा दुसरा मोठा फरक होय. गूगलची २०१४ साली जाहीर झालेली 'मटेरियल डिझाइन' आणि आयबीएमची 'कार्बन' ही अशा संग्रहांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. बटण, चौकट, रंग, अक्षरांचे आकार आणि त्यांच्या वापराचे नियम यांत एकदाच ठरवून दिलेले असतात. स्टार्टअपमधून आलेल्या डिझायनरास प्रत्येक बटण स्वतः घडविण्याची सवय असते. मोठ्या कंपनीत नवे बटण घडविणे हा अपवाद ठरतो आणि त्याची कारणे द्यावी लागतात.

सुगम्यतेविषयीच्या अपेक्षाही भिन्न असतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार 'एए' पातळीसाठी साधारण आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मधील एका निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडली. मोठ्या कंपन्यांत या बाबींची तपासणी होण्याची शक्यता अधिक असते. लहान कंपन्यांत त्या पुष्कळदा डिझायनरच्या स्वतःच्या जाणिवेवर सोपविलेल्या असतात.

स्थलांतराची कारणे

मार्गदर्शकाचा अभाव हे आरंभीच्या काळातील डिझायनरांनी कंपनी बदलण्यामागील एक महत्त्वाचे कारण आहे. कंपनीतील एकमेव डिझायनर असलेल्या नवशिक्याच्या कामावर जाणकाराची नजर पडत नाही; संस्थापकाची पसंती हाच एकमेव निकष उरतो. चुका होतात, पण त्या चुका आहेत हे सांगणारे कोणी नसते. मोठ्या कंपनीत सहकाऱ्यांनी एकमेकांच्या अपुऱ्या कामाची नियमित चिकित्सा करण्याची, म्हणजे 'डिझाइन क्रिटीक'ची, पद्धत असते. अशा बैठकांतून हुकलेल्या बाबी लक्षात येतात आणि आपल्या कामाविषयी बोलण्याची भाषाही घडते.

याखेरीज स्थिर वेतन, आरोग्यविमा, लाखो वापरकर्त्यांवर परिणाम करणाऱ्या कामाची ओढ, परदेशी जाण्याची संधी आणि गृहकर्ज वा विवाह यांसारख्या कौटुंबिक व्यवहारांत ओळखीच्या नावाला मिळणारे वजन हीदेखील कारणे असतात. काही वेळा स्थलांतर ऐच्छिक नसते. गुंतवणूक न मिळाल्याने स्टार्टअप बंद पडते किंवा कर्मचारी कमी करते, तेव्हा डिझायनरास अल्पावधीत नवी नोकरी शोधावी लागते.

मोठ्या कंपन्यांचे प्रकार

भारतात 'मोठी कंपनी' या एकाच शब्दाने भिन्न प्रकृतीच्या संस्थांचा निर्देश होतो. पहिला प्रकार स्वतःचे सॉफ्टवेअर उत्पादन विकणाऱ्या वा चालविणाऱ्या कंपन्यांचा. दुसरा प्रकार इतर उद्योगांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान सेवा कंपन्यांचा. या कंपन्यांनी डिझाइनचे महत्त्व ओळखून परदेशी डिझाइनसंस्था विकत घेतल्या. विप्रोने २०१५ साली डेन्मार्कमधील 'डिझाइनिट' आणि इन्फोसिसने २०१७ साली लंडनमधील 'ब्रिलियंट बेसिक्स' या संस्था आपल्याकडे घेतल्या. तिसरा प्रकार बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पुणे, बंगळूर, हैदराबाद आदी शहरांत उभारलेल्या स्वतःच्या केंद्रांचा. चौथ्या प्रकारात बँका, विमा कंपन्या, दूरसंचार आणि वाहन उद्योग यांतील अंतर्गत डिझाइन विभाग येतात.

या प्रकारांत डिझायनरच्या कामाचे स्वरूप बरेच बदलते. उत्पादन कंपनीत एकाच विषयावर दीर्घकाळ काम होते. सेवा कंपनीत ग्राहक-कंपनी आणि प्रकल्प बदलत राहतात. आपण केलेल्या कामाचा पुढे काय परिणाम झाला हे डिझायनरास नेहमीच कळते असे नाही. बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतीय केंद्रात निर्णयाचा अधिकार येथे आहे की मुख्यालयात, यावर कामाचे समाधान अवलंबून असते. म्हणून केवळ कंपनीचे नाव पाहून निवड न करता, ज्या गटात काम करावयाचे आहे त्यात डिझायनर किती आहेत, वरिष्ठ डिझायनर आहे किंवा नाही आणि वापरकर्त्यांशी थेट बोलता येते की नाही, ही माहिती मुलाखतीतच विचारून घेणे इष्ट मानले जाते.

निवडप्रक्रिया

स्टार्टअपमधील निवड अनेकदा एक-दोन भेटींत उरकते. मोठ्या कंपनीत ती अनेक टप्प्यांची असते आणि काही आठवडे चालते. प्राथमिक संभाषणानंतर उमेदवार आपल्या एक-दोन प्रकल्पांचे सविस्तर सादरीकरण करतो. त्यानंतर समोर बसून एखादा प्रश्न सोडविण्याचा किंवा प्रचलित ॲपची चिकित्सा करण्याचा टप्पा असू शकतो. काही कंपन्या घरी करावयाचा स्वाध्याय देतात. अखेरीस उत्पादन व्यवस्थापक, अभियंता आणि भावी वरिष्ठ यांच्याशी स्वतंत्र मुलाखती होतात. मतभेद कसा हाताळला, अपयशातून काय शिकलात, अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घेतला, अशा प्रश्नांवर त्यांत भर असतो.

या टप्प्यांवर स्टार्टअपमधील उमेदवारांच्या सादरीकरणात काही उणिवा वारंवार दिसतात. अनेक प्रकल्प घाईघाईने दाखविले जातात, परंतु एकाचाही तळ गाठला जात नाही. 'आम्ही' हा शब्द सतत येतो, त्यामुळे उमेदवाराचा स्वतःचा वाटा उमगत नाही. याउलट सर्व श्रेय 'मी'कडे घेतल्यास सहकार्याच्या वृत्तीविषयी शंका घेतली जाते. संस्थापकाने सांगितले म्हणून केले, हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे ठरते. त्या सूचनेमागील हेतू काय होता, ती मान्य करताना कोणती तडजोड झाली आणि पुढे काय आढळले, हे सांगता येणे अपेक्षित असते.

स्टार्टअपमधील अनुभव हे बलस्थान म्हणूनही मांडता येते. उत्पादन शून्यातून उभे राहताना पाहिलेले असणे, अभियंत्याच्या शेजारी बसून काम केलेले असणे आणि अल्प साधनांत चाचणी घेतलेली असणे या गोष्टी मोठ्या कंपनीतील अनेकांच्या वाट्याला येत नाहीत. जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या प्रसिद्ध मतानुसार पाच व्यक्तींसह केलेल्या उपयोजन-चाचणीतूनही बहुतांश अडचणी उघड होतात. मोठ्या संशोधन विभागाचे पाठबळ नसताना पाच ग्राहकांसमोर नमुना ठेवून त्यात केलेली सुधारणा हीदेखील सादर करण्याजोगी बाब होय. मात्र त्या चाचणीत काय विचारले, काय दिसले आणि काय बदलले हे नेमके आठवावे लागते.

पोर्टफोलिओ आणि कामाची नोंद

निवडीचा मुख्य आधार पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, हा असतो. त्यातील प्रत्येक प्रकल्पाच्या वर्णनास 'केस स्टडी' म्हणतात. देखण्या पडद्यांची मालिका म्हणजे केस स्टडी नव्हे. अडचण कोणाची होती, ती खरी असल्याचे कशावरून कळले, कोणते पर्याय पुढे होते, त्यांतील कोणते का टाकले, अंतिम रूप का ठरले आणि त्याचा परिणाम काय झाला, या क्रमाने ती उलगडली जाते.

स्टार्टअपमधील डिझायनरपुढे येथे तीन अडथळे येतात. पहिला, टाकून दिलेले पर्याय जपलेले नसतात. जुन्या फाइलवरच नवे काम केले जाते. दुसरा, परिणाम मोजलेला नसतो. बदलापूर्वीचा आकडाच उपलब्ध नसल्याने नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. तिसरा, उत्पादन पुढे पूर्ण बदलते किंवा बंद होते आणि दाखविण्यास काही शिल्लक राहत नाही. या तिन्हींवर नोकरी सोडताना उपाय करता येत नाही. तो काम चालू असतानाच करावा लागतो. दर आठवड्यास घेतलेला एखादा निर्णय, त्याचे कारण आणि नाकारलेला पर्याय यांची चार-पाच ओळींची टिपणे ठेवण्याची सवय म्हणूनच उपयुक्त ठरते. ही टिपणे स्वतःच्या विचारप्रक्रियेविषयी असावीत. ग्राहकांची माहिती वा कंपनीची गुपिते त्यांत येऊ नयेत.

परिणामाचे आकडे नसतील तर ते कल्पनेने भरणे हा गंभीर दोष मानला जातो. 'विक्री दुप्पट झाली' अशा विधानावर अनुभवी मुलाखतकार पुढचे प्रश्न विचारतो आणि उत्तरे जुळत नाहीत. त्याऐवजी तक्रारी कमी झाल्याचे निरीक्षण, चाचणीतील व्यक्तींचे वर्तन किंवा अभियंत्यांचा वाचलेला वेळ हे जसे घडले तसे सांगणे अधिक विश्वासार्ह ठरते.

भारतीय भाषांतील काम हा पोर्टफोलिओचा एक दुर्लक्षित भाग आहे. देवनागरीत वेलांटी व रफार यांना ओळीच्या वर आणि उकारांना ओळीच्या खाली जागा लागते. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवल्यास अक्षरे कापली जातात किंवा एकमेकांना भिडतात. जोडाक्षरे लहान आकारात अस्पष्ट होतात. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हा देवनागरी टंक साकारणारे र. कृ. जोशी यांनी पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन केले होते. लिपी आणि पडदा यांच्या नात्याचा अभ्यास महाराष्ट्रात त्या काळापासून होत आला आहे. ज्या डिझायनरने मराठी वा अन्य भारतीय भाषेतील ॲपसाठी हे प्रश्न सोडविले असतील, त्याच्यापाशी बहुभाषक उत्पादने चालविणाऱ्या कंपन्यांना उपयोगी पडेल असे अनुभवसिद्ध ज्ञान असते.

कामाची मालकी आणि गोपनीयता

आपण केलेले काम दाखविण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी अनेक डिझायनरांची समजूत असते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नियोक्ता असतो. त्याच अधिनियमाचे कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्क देते. तथापि, कर्तृत्व सांगणे आणि गोपनीय फाइली प्रकाशित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या करारातील गोपनीयतेचे कलम नोकरी सुटल्यानंतरही लागू राहू शकते.

यावर व्यवहारात काही मार्ग अवलंबिले जातात. जे पडदे सर्वांसाठी खुले झाले आहेत तेच दाखविणे, उर्वरित कामाचे स्वरूप शब्दांत सांगणे, आकडे आणि ग्राहकांची नावे वगळणे आणि कंपनी सोडण्यापूर्वी कोणती सामग्री वापरता येईल याची लेखी परवानगी घेणे, हे त्यांतील प्रमुख होत. स्टार्टअप बंद पडल्यानंतर परवानगी देणारे कोणी भेटत नाही. म्हणून ती आधीच घेणे श्रेयस्कर. उमेदवार पूर्वीच्या कंपनीची गुपिते किती सहजपणे उघड करतो, यावरून तो नव्या कंपनीची गुपिते कशी सांभाळील याचाही अंदाज मुलाखतकार बांधतात.

नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, अशी अट काही करारांत घातलेली असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारे करार, अपवाद वगळता, तेवढ्यापुरते शून्य ठरतात. गोपनीयतेच्या बंधनास मात्र यामुळे बाध येत नाही.

पद आणि पदश्रेणी

स्टार्टअपमध्ये दोन वर्षांच्या अनुभवावर 'डिझाइन प्रमुख' असे पदनाम मिळू शकते, कारण विभागात दुसरे कोणीच नसते. मोठ्या कंपन्यांत पदश्रेणींची उतरंड निश्चित असते आणि उमेदवारास अनुभवाची वर्षे व मुलाखतीतील कामगिरी यांनुसार तीत बसविले जाते. परिणामी नव्या ठिकाणी साधे 'प्रॉडक्ट डिझायनर' हे पद स्वीकारावे लागते. अनेकांना ही पदावनती वाटते. वस्तुतः दोन्ही ठिकाणच्या पदनामांत समान मापाचा आधार नसतो. पदनामापेक्षा श्रेणी कोणती, त्या श्रेणीकडून कोणत्या अपेक्षा आहेत आणि वरच्या श्रेणीत जाण्याचे निकष लेखी आहेत का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे असते. रुजू झाल्यानंतर श्रेणी बदलून घेणे कठीण असल्याने हा विषय नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी काढावा लागतो. अनेक मोठ्या कंपन्यांत माणसांचे व्यवस्थापन न करता केवळ डिझाइनच्या कौशल्यावर वरच्या श्रेणीत जाण्याचा स्वतंत्र मार्गही असतो.

आर्थिक आणि कागदोपत्री बाबी

स्टार्टअपमधील वेतनाचा एक भाग कर्मचारी समभाग विकल्पांच्या, म्हणजे 'ईसॉप'च्या, रूपात दिलेला असू शकतो. भारतातील कंपन्यांविषयीच्या २०१४ सालच्या नियमांनुसार विकल्प दिल्यापासून त्यावरील हक्क प्राप्त होईपर्यंत किमान एक वर्षाचे अंतर असावे लागते. हक्क प्राप्त न झालेले विकल्प नोकरी सोडताच संपुष्टात येतात. हक्क प्राप्त झालेल्यांचा वापर किती मुदतीत करावा हे योजनेत नमूद असते. विकल्प वापरून समभाग घेताना त्यांची रास्त बाजारमूल्याने होणारी किंमत आणि कर्मचाऱ्याने भरलेली रक्कम यांतील फरक वेतनाचा भाग मानला जातो आणि त्यावर कर लागतो. २०२० च्या वित्त अधिनियमाने पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांसाठी हा कर पुढे ढकलण्याची सोय केली. परंतु ठरावीक मुदत संपणे, समभाग विकणे किंवा नोकरी सोडणे यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो देय होतो. म्हणजे समभाग विकले गेलेले नसताना, हाती पैसा आलेला नसतानाही, केवळ नोकरी बदलल्यामुळे कर भरण्याची वेळ येऊ शकते. राजीनाम्यापूर्वी योजनेचा मूळ दस्तऐवज वाचून करसल्लागाराचे मत घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या अधिनियमाने एकाच नियोक्त्याकडे सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली. पूर्वीच्या कंपनीतील सेवा नव्या कंपनीत मोजली जात नाही. भविष्यनिर्वाह निधी मात्र युनिव्हर्सल अकाउंट नंबरच्या आधारे नव्या नियोक्त्याकडे पुढे चालविता येतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. लहान स्टार्टअपमध्ये असे खातेच नसण्याचा संभव असतो.

मोठ्या कंपन्या नियुक्तीपूर्वी वा नंतर पूर्वानुभवाची पडताळणी करतात. त्यासाठी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र मागितले जाते. बंद पडलेल्या स्टार्टअपकडून ही पत्रे मिळणे दुरापास्त होते. अशा वेळी बँकेत जमा झालेल्या वेतनाच्या नोंदी, करकपातीचे प्रमाणपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीची पासबुक-नोंद हे पर्यायी पुरावे म्हणून उपयोगी पडतात. ही कागदपत्रे कंपनीच्या संगणकावर न ठेवता वेळच्या वेळी स्वतःकडे जपून ठेवणे हिताचे असते.

नव्या कंपनीतील आरंभीचा काळ

रुजू झाल्यानंतरचे पहिले काही महिने अनेकांना निरुत्साही वाटतात. पूर्वी आठवड्यात होणारे काम येथे तिमाहीत होते. प्रत्येक बदलास संमती लागते आणि बैठकांचा वेळ रेखाटनाच्या वेळेहून अधिक होतो. या संथपणास दोन कारणे असतात. काही भाग निव्वळ प्रशासकीय जडत्वाचा असतो. उर्वरित भाग वापरकर्त्यांच्या संख्येतून येतो : हजार लोक वापरत असलेल्या ॲपमधील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, परंतु कोट्यवधी लोक वापरत असलेल्या पडद्यावरील चुकीने अनेकांचे पैसे वा वेळ वाया गेलेला असतो. या दोहोंतील फरक ओळखता येणे हे या काळातील महत्त्वाचे शिक्षण होय.

लेखी मांडणीचे महत्त्वही येथे वाढते. निर्णय घेणारी व्यक्ती दुसऱ्या शहरात वा देशात असते आणि तिच्यापर्यंत डिझायनर नव्हे, तर त्याचे टिपण पोहोचते. ज्यांना आपला विचार एका पानात सुसूत्रपणे मांडता येतो, त्यांचे काम पुढे सरकते. आरंभीच्या काळात जुने दस्तऐवज वाचणे, पूर्वी फसलेले प्रयत्न समजून घेणे आणि एखादे लहान काम पूर्णत्वास नेणे हा क्रम सामान्यतः उपयुक्त मानला जातो. 'आमच्या आधीच्या कंपनीत असे नव्हते' हे पालुपद मात्र सहकाऱ्यांना दुरावते.

मर्यादा आणि मतभेद

स्टार्टअपमधून मोठ्या कंपनीत जाणे म्हणजे चढती पायरी, ही समजूत सर्वमान्य नाही. मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षे एकाच लहान भागावर काम केल्याने दृष्टी संकुचित होते, असा आक्षेप घेतला जातो. काही डिझायनर काही वर्षांनी पुन्हा स्टार्टअपकडे वळतात आणि मोठ्या कंपनीतील शिस्त तेथे घेऊन जातात. आधी मोठ्या कंपनीत पद्धती शिकाव्यात आणि मग स्टार्टअपमध्ये जावे, असे मानणारा पक्षही आहे.

सुरक्षिततेचा मुद्दाही निरपवाद नाही. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० आणि गूगलच्या मूळ कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. मोठे नाव म्हणजे कायमची नोकरी, हे समीकरण त्यामुळे डळमळीत झाले. कपात झालेले अनुभवी डिझायनरही बाजारात आल्याने आरंभीच्या टप्प्यावरील उमेदवारांची स्पर्धा वाढते. अशा काळात कंपनीच्या नावापेक्षा स्वतःच्या कामाची सुस्पष्ट नोंद हीच डिझायनरची टिकाऊ मिळकत ठरते. कारण ती लहान कंपनीतून मोठ्या कंपनीत जाताना जितकी उपयोगी पडते, तितकीच मोठ्या कंपनीतून बाहेर पडतानाही.

हेसुद्धा पहा

औद्योगिक डिझाइन
राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबाद
स्टार्टअप इंडिया
प्रताधिकार
देवनागरी